मदत हवी आहे: एनडीएत क्लब कोणता घ्यावा?

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. लेकीचं एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, मेरिट लिस्टमध्ये नाव आलंय. सामानाची यादी आली आहे, ती खरेदी आम्ही बघून घेऊ. घरात वाद पेटलाय तो तिथल्या छंदाच्या क्लबांवरून.

तिला आकाशाचं वेड. दहावीच्या सुट्टीत सहा इंची आरसा स्वतः घासून तिने दुर्बीण बनवली. आधी कार्बोरंडमच्या भुकटीने घासणं, मग पिचवर (डांबरासारख्या थरावर) सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. तेवढे दिवस गॅलरीत कपडे वाळत घालायची सोय नव्हती, कारण धुळीचा एक कण पडला तरी काचेवर ओरखडा. एसएसबीच्या (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीत पीआयक्यू, म्हणजे स्वतःच्या माहितीच्या, फॉर्मवरचा हा छंद वाचून साहेबांनी आरशावरच बराच वेळ प्रश्न विचारले म्हणे. त्यामुळे ती म्हणते, अ‍ॅस्ट्रॉनॉमीच घेणार. तिचे बाबा म्हणतात, ज्याने मेरिट वाढेल ते घे, घोडेस्वारी, पोलो असं काहीतरी. मला दोन्ही पटत नाही आणि माहिती तर शून्य.

तिथे क्लबला खरंच वेळ मिळतो का? त्याचा पुढे कितपत उपयोग? आणि ती दुर्बीण सोबत न्यायची म्हणतेय, तर नेऊ द्यायची का?

खडूस

पहिल्या टर्मला क्लब विसरा. झोप मिळाली तरी देव पावला म्हणायचं. बाकी, अभिनंदन!

जुना खलाशी

ताई, अभिनंदन. मी तिथलाच, नंतर नौदलात गेलो.

खडूस यांनी थोडक्यात सांगितलंय ते खरं आहे. पहाटे पीटी किंवा ड्रिल (कवायत), मग सुदान ब्लॉक या मुख्य इमारतीकडे सायकली हाकत वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी प्रेप, म्हणजे बसून अभ्यास. मधल्या फटी सीनियर भरून काढतात. शिवाय पदवी जेएनयूची, म्हणजे अभ्यासही खराच करावा लागतो. फर्स्ट टर्मरच्या डोक्यात क्लब हा विषय शेवटी येतो, आणि आला की तेवढाच वेळ स्वतःचा वाटतो.

आता मुलीच्या बाबांच्या मुद्द्याबद्दल. घोडेस्वारी आणि पोहणं तिथे सगळ्यांनाच शिकवतात, त्यासाठी वेगळा क्लब खर्ची घालू नका. पोलोची गोडी लागली तर पुढे बघता येईल. आणि मेरिटचं म्हणाल तर अभ्यास, पीटी, ड्रिल यांत गाडी अडकली की रेलिगेशन, म्हणजे अख्खी टर्म पुन्हा. क्लब नाही म्हणून कुणी रेलिगेट झालेला मी पाहिला नाही. राष्ट्रपती सुवर्णपदक सगळ्याची गोळाबेरीज करून मिळतं, त्यात क्लबची भर घालायला जाऊन पीटीत नापास होण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर जे बाहेर सहजी मिळत नाही ते घ्यावं. तिथल्या पीकॉक बेला, म्हणजे तलावाकाठी, शिडाच्या होड्या आहेत, विंडसर्फिंग आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर वारा डोंगरांमुळे सारखा दिशा बदलतो. टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून होडी वळवताना, बूम (शिडाचा आडवा दांडा) डोक्यावरून सर्रकन जातो, वेळेत वाकलं नाही तर टेंगूळ ठरलेलं. होडी उलटली की सेंटरबोर्डवर (तळातून खाली जाणाऱ्या फळीवर) उभं राहून, काठ धरून, अंगाच्या वजनाने ती सरळ करायची. पहिल्यांदा जमत नाही, नाकातोंडात पाणी जातं, आणि मग एकदम जमतं. ज्या मुलीने आरसा घासायचा धीर धरला तिला हे आवडेल.

चहा बिस्कीट

मी असहमत. माझा भाचा तिथून बाहेर पडलाय. सगळंच नवं, सगळंच अवघड, त्यात क्लबही नवा? त्याला तबल्याने तारलं. आठवड्यातून थोडा वेळ का होईना, आपल्याला येणारी एखादी गोष्ट करायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे. मुलीला तारे आवडतात तर तारेच बघू द्या.

जुना खलाशी

चहा बिस्कीट, मुद्दा मान्य, पण तारे बघायला रात्र लागते, आणि तिथे रात्री पोरं अंथरुणाला पाठ टेकायची वाट बघत असतात! तरी एक सांगतो. पुण्याचा उजेड ईशान्येला पडतो, सिंहगड साधारण दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेचं आकाश त्यातल्या त्यात बरं. एप्रिल-मेमध्ये गडाच्या वर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ शोधायला सांगा. सिंहगडाची ओळख तिला एरवीही होईलच, शिक्षा म्हणून चढायला लावतात.

अनामिक७

मुलींना क्लब वगैरे सगळं सारखंच असतं का? माझ्याही पुतणीला विचारायचंय.

जुना खलाशी

मुली २०२२ पासून, १४८व्या कोर्सपासून आहेत. पहिल्या १७ जणी ३० मे २०२५ ला पासआउट झाल्या. प्रशिक्षण बहुतांशी एकत्रच चालतं. क्लबांचं सध्याचं नक्की काय, ते तिथे गेल्यावर डिव्हिजनल ऑफिसरला (डिव्ह-ओ, कॅडेटवर देखरेख ठेवणारा अधिकारी) विचारावं, आमच्या काळाचे दाखले देऊन उपयोग नाही.

आणि स्क्वॉड्रनचंही, म्हणजे कॅडेट ज्या गटात राहतात त्याचंही, एक लक्षात असू द्या. इंटर-स्क्वॉड्रन स्पर्धा हा तिथला श्वास आहे. क्रॉस कंट्रीपासून वादविवादापर्यंत सगळ्यात स्क्वॉड्रनसाठी झुंजायचं, आणि वर अव्वल स्क्वॉड्रनला मिळणारा चीफ्स ऑफ स्टाफ बॅनर कुणाकडे जातो याची धास्ती. मुलगी चांगली बोलत असेल तर सीनियर तिला वादविवादात ढकलतील. क्लब ती निवडेल, हे मात्र तिला निवडेल.

गच्चीवरची

सगळ्यांचे आभार. लेकीला धागा वाचायला दिला. होडी उलटायचा परिच्छेद तिने दोनदा वाचला, त्यावरून कल कळला. बाबांना घोडा तसाही मिळणार आहे हे सांगितल्यावर ते गप्प बसले. पण दुर्बिणीचं राहिलंच. एफ/८ आहे, म्हणजे चार फुटांची नळी.

खडूस

चार फुटांची नळी, आणि केबिनची (राहत्या खोलीची) तपासणी?! त्या मुलीची दया येते.

जुना खलाशी

नळी घरीच ठेवा. सामानाच्या यादीत जे नाही ते पहिल्या टर्मला नेऊच नये. छोटी द्विनेत्रीसुद्धा सुट्टीवर आल्यावर, डिव्ह-ओला विचारूनच परत जाताना न्यावी. आरसा मात्र कोरड्या डब्यात नीट बंद करून ठेवा, पावसाळ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या लेपावर डाग पडतात.