चिपीचं मुंबई विमान: कायमची फेरी हवी की गोव्यातल्या मोपा विमानतळावर भागवावं?

परुळ्याचा_सडा

९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेव्हा मी आईला घेऊन कुंपणाबाहेर उभा होतो. विमानतळासाठी गेलेल्या जमिनीत आमचीही काजूची चार झाडं होती. आई म्हणाली, "गेली ती गेली, पण आता पोरं लवकर घरी येतील."

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ही फेरी 'उडान' योजनेतली होती. त्या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागांचं भाडं बांधून दिलेलं असतं, आणि कंपनीला जी तूट येते ती सरकार तीन वर्षं भरून देतं. ती तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा थांबली. तेव्हापासून कोणी गावी यायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो: "सध्या विमान आहे का?"

माझं म्हणणं असं की मुंबईची फेरी वस्तीच्या एसटीसारखी धरावी. रात्री शेवटच्या वाडीत मुक्कामाला येणाऱ्या गाडीत किती माणसं बसली यावरून ती गाडी चालू ठेवायची की नाही हे ठरत नाही. गाडी उद्याही येणार हा भरवसा असतो, म्हणून माणसं तिच्यावर आपले बेत आखतात. आठवड्यातून तीनच दिवस असली तरी चालेल, पण पाच वर्षं वार आणि वेळ बदलणार नाही अशी फेरी राज्य सरकारने तूट भरून चालवावी. तुम्हाला काय वाटतं?

सावंतवाडी_मोती_तलाव

मला हे पटत नाही. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू आहे. बांद्याच्या पलीकडे गेलं की आलंच. मुंबईला दिवसातून अनेक विमानं, मोठी विमानं, आणि एक रद्द झालं तर दुसरं मिळतं. एवढ्या जवळ दुसरा विमानतळ असताना सत्तर जागांच्या विमानाची तूट लोकांच्या पैशातून का भरायची?

आजही आपल्या जिल्ह्यातला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावा लागतो. माझ्या थोरल्या भावाला न्यावं लागलं तेव्हा रुग्णवाहिकेत मी शेजारी बसलो होतो. तूट भरायला पैसे असतील तर ते आधी इथल्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर टिकवायला खर्च व्हावेत. जे विमानाने येतात, त्यांना तासभर जास्त प्रवास परवडतो.

देवगड_कलमवाली

दादा, रुग्णालयाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण "बांद्याच्या पलीकडे गेलं की आलंच" हे सावंतवाडीतून दिसतं. देवगडहून मोपा म्हणजे अडीच तास, आणि खासगी गाडीचं भाडं कधी कधी विमानाच्या तिकिटाएवढं. जिल्हा सावंतवाडीपाशी संपत नाही. मालवण, आचरा, देवगड या पट्ट्याला चिपीच जवळ.

आंब्याबद्दल मात्र खोटी आशा नको. उद्घाटनाच्या वेळी हापूस विमानाने जाईल असं पुष्कळ बोललं गेलं. मी बागायतदार आहे म्हणून सांगते, एटीआरच्या, म्हणजे या सत्तर जागांच्या छोट्या विमानाच्या, पोटात प्रवाशांच्या बॅगा भरल्यावर पेट्यांना जागा उरते किती? आमचा माल संध्याकाळी ट्रकमध्ये चढतो आणि पहाटे वाशीला उतरतो. विमान हवंय ते माणसांसाठी. आंब्याचं नाव पुढे करून मागू नये, नाहीतर हिशेब मांडला की मागणीच कच्ची ठरेल.

कुडाळ_फलाट_एक

मी दोघांच्याही विरोधात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर मार्ग, आणि त्यातला रोहा ते वीर एवढाच टप्पा दुहेरी झाला, तोही २०२१ मध्ये. उरलेला बहुतेक एकेरी. म्हणून गणपतीच्या जादा गाड्या क्रॉसिंगला तासन् तास उभ्या राहतात. एका गाडीत हजारावर माणसं येतात, विमानात सत्तर. मागायचं तर दुपदरीकरण मागा. विमान, मोपा, चिपी या वादात सामान्य चाकरमानी कुठेच नाही.

मालवणी_आवशी

माझो झील मुंबयत आसा. गणपतीक येवचा तर रेल्वेचा तिकीट गावणा नाय, रस्त्यार खड्डे. सेवा सुरू होती तेव्हा एका साली विमानाचा काढल्यान तर पावसान विमान रद्द. चतुर्थीक पोचलो नाय. माका सांगा, भादव्यात येवचा नाय तर त्या विमानाचो उपेग काय?

एटीआर_निरीक्षक

काकींनी खरं दुखणं सांगितलं. फेरी चालायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, ढगांत उतरायची सोय. धावपट्टी अडचण नाही. चिपीची २५०० मीटर आहे, एटीआरला त्याच्या जवळपास निम्मी पुरते. अडचण पावसाळ्यातल्या ढगांची. ढग खाली आले की वैमानिकाला ठरावीक उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर परत फिरावंच लागतं. उपकरणांच्या आधारे किती खाली येता येतं यावर किती विमानं रद्द होतात ते ठरतं. त्या सुविधेवरचा खर्च तूट भरण्याइतकाच महत्त्वाचा.

दुसरी, मुंबईत उतरायची वेळ. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा ठिकाणी छोट्या विमानाला सोयीची वेळ कोण देणार? नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने निदान मागायला दुसरं दार आहे.

तिसरी, तूट. पण मुंबई हा एकच मार्ग नव्हे. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या फ्लाय ९१ ने चिपी बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्याशी जोडली. पुण्यातही आपली माणसं थोडी नाहीत.

परुळ्याचा_सडा

काकी, तुमच्या झिलाचं वाचून वाईट वाटलं. माझ्या मागणीत पावसाळ्याचा विचार नव्हता, ती चूक होती. आता क्रम बदलतो: आधी ढगांत उतरण्याची सोय, ती झाल्यावर पाच वर्षांची बांधील फेरी, आणि वेळ नवी मुंबईहून.

कुडाळकर, दुपदरीकरणाच्या निवेदनावर मीही सही करीन. पण त्याला वर्षं लागतील, धावपट्टी आज तयार आहे आणि तिच्याखाली आमची जमीन आहे.

सावंतवाडी_मोती_तलाव

पाच वर्षांचं बांधील अजूनही मान्य नाही. दोन वर्षं द्या, दर महिन्याला किती जागा भरल्या ते जाहीर करा, मग ठरवू. देवगडच्या ताईंचं अंतराचं म्हणणं मात्र मान्य. तोवर मोपा ते देवगड, मालवण थेट एसटी विमानांच्या वेळेला सोडली तर तेही काही कमी नाही.

देवगड_कलमवाली

ती एसटी कणकवलीमार्गे हवी. निवेदनात तेही लिहा, मी आमच्या गावातून सह्या गोळा करते.