पारंपरिक गाणी जास्त म्हणून गायिका सॉंगरायटर नाही?

एका गिटारवर गाणाऱ्या पोरीच्या अल्बमबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'अल्बममध्ये निम्म्याहून जास्त गाणी पारंपरिक, मग ही सॉंगरायटर (स्वतः गाणी रचणारी) कसली', ते मला अजिबात पटलं नाही. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा पहिला अल्बम १९६२ला आला, त्यात १३ गाणी आणि त्यातली स्वतःची फक्त २, बाकी सगळी लोकगीतं नाहीतर जुने ब्लूज, खपलाही बेताचाच, आणि पुढच्याच वर्षी दुसरा आला तर त्यात बहुतेक सगळं त्याचंच. आधी दुसऱ्यांची गाणी गळ्यात मुरवली की मगच स्वतःचं सुचतं.

आमच्या इंदूरकडे तर हे सांगावंही लागत नाही. शेजारच्या देवासला कुमार गंधर्व १९४८मध्ये आजारपणात राहायला आले, अंथरुणावर पडल्यापडल्या माळवी लोकगीतं ऐकली, आणि पुढे त्यातूनच त्यांचे धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांतून घडवलेले राग, आले. इथल्या कबीराची पदं गाणाऱ्या मंडळ्या ऐका, तेच पद, तोच तंबुरा नि मंजिरे, पण एखादा गाणारा मधलीच ओळ अशी ओढून धरतो की पद नवीन वाटायला लागतं. या अल्बमवाल्या पोरीनेही तिसऱ्या गाण्यात तेच केलंय, गिटार थांबवून नुसत्या आवाजावर अख्खं कडवं. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर ते कळणारच नाही.