रेडशिफ्टमधली पायथन यूडीएफ: कोड जसाच्या तसा उचलू नका

ॲमेझॉनच्या रेडशिफ्ट या डेटा वेअरहाऊसमध्ये आपण स्वतः लिहिलेल्या पायथन फंक्शनांच्या (यूडीएफ) सपोर्टची मुदत ३० जून २०२६ पर्यंतची आहे. तेव्हा तोच कोड लॅम्डात (ॲमेझॉनची सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) टाकला की झालं, असं काही जण सुचवतात. मला हे धोक्याचं वाटतं. ही फंक्शनं पायथन २.७ वर चालतात. तिथे दोन्ही पूर्णांक असतील तर ५/२ चं उत्तर २ येतं. पायथन ३ मध्ये २.५. एरर येत नाही, रिपोर्टमधला आकडा मात्र गुपचूप बदलतो. म्हणून असा भागाकार दिसेल तिथे // वापरा आणि जुनी-नवी उत्तरं ताडून पाहा. शिवाय लॅम्डाकडे टेबलमधल्या रो एकेक न जाता गठ्ठ्याने, जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये जातात, म्हणजे प्रत्येक रो हाताळायला फंक्शनला लूप लागणार. आयएएम रोल (रेडशिफ्टला लॅम्डा वापरायची परवानगी) आणि लॅम्डाचं वेगळं बिल आलंच.

खरं तर आधी लॅम्डाकडे धावूच नका. फोन नंबरमधल्या स्पेस काढणं, तारखेचा फॉरमॅट बदलणं असली कामं साध्या एसक्यूएल यूडीएफमध्ये (पायथनऐवजी डेटाबेसच्या क्वेरीच्या भाषेत लिहिलेलं फंक्शन) आरामात बसतात. लॅम्डा ठेवा ते खरोखर पायथन लागणाऱ्या गोष्टींसाठी.

पायथन २.७ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, त्यामुळे ॲमेझॉनचा निर्णय मला रास्त वाटतो. रेडशिफ्टमधली पीजी_प्रॉक (फंक्शनांची नोंद) आणि पीजी_लँग्वेज (भाषांची नोंद) ही सिस्टीम टेबलं जोडून पायथन फंक्शनांची यादी मात्र आजच काढा.