मदत हवी आहे: लिनक्सवर नॅट लावलं, पण बाहेरून कॅमेरा दिसेना

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तिथं जुन्या पीसीवर उबंटू टाकून त्यालाच राउटर केलंय, दोन लॅन कार्ड, एकात ब्रॉडबँडची वायर आणि दुसरं स्विचला. आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरचं ट्रॅफिक दुसऱ्याकडे पाठवणं) 1 म्हणजे चालू केलं, आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचं फायरवॉल) पोस्टराउटिंगला मास्करेड टाकलं, म्हणजे नॅट लावलं, आतल्या सगळ्या मशीन बाहेर एकाच आयपीने दिसतात, आतल्या सगळ्या मशीनला नेट मस्त चालतंय.

घोडं अडलंय ते पुढं. घरून कारखान्यातले कॅमेरे बघायचेत म्हणून प्रीराउटिंगमध्ये डीनॅटचा (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवायचा) रूल टाकला, 8000 पोर्ट थेट डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) 192.168.10.50 वर, फॉरवर्ड चेनमध्येपण ॲक्सेप्ट दिलंय, तरी मोबाईलवर नुसतं चक्र फिरतंय. रूलचा काउंटर बघितला तर पॅकेट 0, म्हणजे दारापर्यंतच काही येईना. मग बाहेरच्या कार्डाचा आयपी बघितला, तो 100.72 ने सुरू होतोय आणि गुगलवर स्वतःचा आयपी शोधला तर वेगळाच दाखवतोय. 100.64 ते 100.127 ही रेंज नेटवाले त्यांच्याच नॅटसाठी वापरतात असं वाचलं, म्हणजे माझ्या डोक्यावर अजून एक नॅट बसलंय का? नेटवाल्याला फोन केला तर "मोडेम बंद करून चालू करा" एवढंच, तीनदा केलं ओ.

स्टॅटिक आयपी घेण्याशिवाय मार्ग आहे का? बाहेर छोटा सर्व्हर घेऊन वायरगार्डने (व्हीपीएन, म्हणजे नेटवरून खाजगी बोगदा) जमतं म्हणतात, कुणी केलंय का? आणि हो, लाईट गेली की सगळे रूल उडतात, परत टाइप करत बसावं लागतं, त्यालापण काहीतरी सांगा.