हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ९. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही फेरिटिन ११. चुकतंय कुठे?

पारिजात_३४

स्त्री, वय ३४, शाकाहारी, अंडीही नाहीत. हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८२, फेरिटिन ९. थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप. पाळी नियमित, पण पहिले दोन दिवस अंगावरून बरंच जातं. लोहाची फेरस ॲस्कॉर्बेट १०० मिग्रॅची गोळी रोज रात्री जेवणानंतर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर. सकाळी थायरॉइडची गोळी, शिवाय केसांसाठी बायोटिन १० मिग्रॅ. दोन महिन्यांनी फेरिटिन फक्त ११.

नवरा ३८ वर्षांचा, हिमोग्लोबिन १४.२, फेरिटिन १८. दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो, आठवड्यातून चार दिवस पळतो. हिमोग्लोबिन दोघांचंही ठीक असताना उपचार करावेत का? आणि गोळी लागू का पडत नाही?

तांबडी_पेशी

करावेत. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं. घरातली कणगी रिकामी झाली तरी ताटात भाकरी काही दिवस येत राहते, तसंच हे. आधी साठा संपतो (फेरिटिन खाली), मग रक्त तयार करायला लोह अपुरं पडू लागतं (ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा भरलेला भाग, साधारण १६ टक्क्यांखाली), आणि त्यानंतर ॲनिमिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांसाठी फेरिटिनची सीमा १५ आहे. लक्षणं असतील तर बरेच डॉक्टर ३०च्या खालीच उपचार सुरू करतात. ९ म्हणजे साठा जवळपास संपलेला.

आता गोळीचं. रात्री भरल्या पोटी, वर कॅल्शियम: दोन्ही गोष्टी शोषण पाडतात. तिसरी अडचण हेप्सिडिनची. यकृतात बनणारं हे संप्रेरक आतड्यातून लोह रक्तात जाण्याचा मार्ग बंद करतं. ६० मिग्रॅ किंवा त्याहून मोठा डोस घेतला की ते वाढतं आणि साधारण चोवीस तास वाढलेलं राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं कमी शोषलं जातं. साठा कमी असलेल्या पण ॲनिमिया नसलेल्या बायकांमध्ये दिवसाआड एकदाच घेतलेली गोळी दर डोसमागे जास्त शोषली जाते आणि पोटालाही कमी त्रास देते. सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग करण्यात काही फायदा नाही.

हिशेब मांडून बघा. फेरिटिनचा मिलीमागे १ नॅनोग्रॅम (रिपोर्टवरचा १) म्हणजे साठ्यातलं ढोबळमानाने ८ मिग्रॅ लोह. ९ वरून ५० वर न्यायचं तर ३०० मिग्रॅपेक्षा जास्त लोह साठ्यात जायला हवं. पोट रिकामं असताना घेतलेल्या गोळीतून आठ-दहा मिग्रॅ आत गेलं, तर दिवसाआडच्या पंधरा गोळ्यांचं महिन्याला सव्वाशे-दीडशे होतं. त्यातून पाळीतलं वजा करा: ८० मिली रक्त गेलं तर सुमारे ३५ मिग्रॅ लोह गेलं. शिवाय त्वचा, आतडं यांतून रोज १ मिग्रॅ जातंच. म्हणजे सगळं नीट जमलं तरी चार ते सहा महिने. दोन महिन्यांत निराश होऊन गोळी बदलत बसू नका, वेळ आणि पद्धत बदला.

आणि गळती बंद केल्याशिवाय साठा टिकणार नाही. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गुठळ्या पडतात, सात दिवसांच्या वर जातं, यांतलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) वगैरे बघून घ्या. रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत, आणि कित्येकदा लोहाच्या गोळीपेक्षा फरक त्यांनीच पडतो.

लॅब_कट्टा

बायोटिनकडे आधी बघा. फेरिटिन मोजणाऱ्या काही मशीनमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन ही एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर फेरिटिन खोटं कमी येतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हेही खोटं कमी येतं, आणि मग थायरॉइडचा डोस विनाकारण कमी केला जाऊ शकतो. केसांसाठी बायोटिन घेणारे आणि फेरिटिन तपासणारे बहुतेक तेच लोक असल्यामुळे ही गफलत नेमकी इथेच होते. पुढच्या तपासणीआधी निदान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

रिपोर्टवरच्या छापील मर्यादेवरही विसंबू नका. काही मशीनच्या कागदावर बायकांसाठी खालची मर्यादा ५च्याही खाली असते, त्यामुळे ९ हा आकडा ठळक छापलाच जात नाही आणि ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिला जातो.

फेरिटिनसोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) करा. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, फॅटी लिव्हर यांत फेरिटिन फुगतं, म्हणून ६० आलं तरी साठा रिकामा असू शकतो. अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन उपयोगी पडतं. नुसत्या सीरम आयर्नवरून निष्कर्ष काढू नका. आदल्या दिवशीच्या गोळीनेही ते उड्या मारतं.

एमसीव्ही ७५च्या खाली, लाल पेशींची संख्या मात्र ५५ लाखांच्या वर, आणि फेरिटिन चांगलं, असं चित्र असेल तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शोधायला हवा. सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत तो जास्त आढळतो. तुमच्या आकड्यांत तसं दिसत नाही. कुणाला दोन्ही असतील तर आधी लोह भरून घ्या, कारण लोह कमी असताना एचबीए२ (ज्यावरून थॅलेसेमिया मायनर ओळखतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) खाली येऊन निदान हुकू शकतं.

तांबडी_पेशी

नवऱ्याबद्दल लिहायचं राहिलं. ३५० मिलीच्या पिशवीतून साधारण १६५ मिग्रॅ लोह जातं. वर्षातून चार पिशव्या म्हणजे रोज सरासरी १.८ मिग्रॅ जास्तीचं, नेहमीच्या झिजेच्या जवळजवळ दुप्पट. रक्तपेढी फक्त हिमोग्लोबिन बघते (१२.५ पुरतं), फेरिटिन बघत नाही. नव्वद दिवसांचं अंतर नियमात बसतं, पण तेवढ्यात गोळीशिवाय साठा भरत नाही. जोरात पळल्यावर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन सगळ्यात जास्त वाढलेलं असतं, म्हणून गोळी पळण्याआधी किंवा पळून आल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत.

सहा महिने रक्तदान थांबवून गोळी घेऊ द्या. त्यात चढलं आणि टिकलं तर कारण मिळालं. रक्तदान बंद असूनही पुन्हा घसरलं तर पुरुषामध्ये ते सोडून द्यायचं नसतं: मूळव्याध, वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, रोजचं पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी), एच. पायलोरी (जठरातले जिवाणू), सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), आणि गरज पडली तर दोन्ही बाजूंनी, तोंडातून आणि गुदद्वारातून, दुर्बीण. सीलिॲकची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका; गहू सोडून केलेली तपासणी खोटी निगेटिव्ह येते.

नाचणी_आंबील

आहाराबद्दल थोडं स्पष्टच. गूळ-शेंगदाण्याने फेरिटिन ९ वरून ५० होत नाही. गुळाच्या २० ग्रॅम खड्यात फार तर १ मिग्रॅ लोह, आणि त्यातला अगदी थोडा भाग शोषला जातो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला रोज २९ मिग्रॅ सांगितलंय ते याचमुळे: आपल्या धान्य-डाळींत फायटेट हा लोहाला बांधून ठेवणारा घटक भरपूर, लोह अडकून राहतं.

त्यामुळे लोहाचे पदार्थ शोधण्याआधी अडथळे काढा. जेवणानंतरचा चहा-कॉफी दीड तास पुढे ढकला. नाश्त्याबरोबरचा चहा हा शाकाहारी माणसाचा सगळ्यात मोठा तोटा आहे. मोड आलेली मटकी, आंबवलेली इडली, नाचणीची आंबील यांत फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणासोबत पेरूच्या फोडी किंवा आवळा घ्या. टोमॅटोची भाजी, आमटी लोखंडी कढईत शिजवली तर आंबटपणामुळे थोडं लोह उतरतं. हे सगळं साठा टिकवायला उपयोगी, भरायला गोळीच लागते.

सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. गरोदर नसलेल्या बायकांसाठी ती आठवड्याला एक, फक्त प्रतिबंध म्हणून. रिकामा साठा तेवढ्यावर भरत नाही.

पारिजात_३४

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते, मग लोहाची कधी? आणि बद्धकोष्ठ झालं तर?

तांबडी_पेशी

दोन्हींत चार तास अंतर. थायरॉइडची सहाला घेत असाल तर नाश्ता आठला उरका आणि लोहाची साडेदहा-अकराला, लिंबूपाण्यासोबत; पुढे तासभर काही खाऊ नका. कॅल्शियम रात्री. शौच काळसर होईल, ते अपेक्षितच आहे. पण डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीयुक्त झालं तर दाखवा. बद्धकोष्ठ, मळमळ असेल तर डॉक्टरांना विचारून ६० मिग्रॅच्या आसपासची गोळी दिवसाआड घ्या. पाकीट घेताना एलिमेंटल आयर्न (प्रत्यक्ष लोह) किती ते वाचा: फेरस फ्युमरेट ३०० मिग्रॅमध्ये ते १००च्या आसपास असतं, नावावरचा आकडा म्हणजे लोह नव्हे. पाकीट मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका, लहान मुलाला थोड्या गोळ्यांनीही जीवघेणी विषबाधा होते.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये फेरिटिन, सीआरपी आणि सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी). गोळी आणि वेळ दोन्ही नीट असूनही फेरिटिन हललं नाही, तर सीलिॲक आणि एच. पायलोरी तुमचंही तपासायचं, आणि शिरेतून लोह देण्याचा विचार त्यानंतर. ५०च्या वर गेलं की रोजची सवय म्हणून गोळी चालू ठेवू नका. सहा महिन्यांनी परत मोजा.