कपांच्या चक्रीसाठी जळगावहून खोपोलीस जाण्याची आखणी

प्रश्न : जळगावची वाचक
नमस्कार. दिवाळीच्या सुटीत आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानास जाण्याचे ठरवीत आहोत. सहा वर्षांच्या मुलीला उंचावरून कोसळणाऱ्या खेळांची भीती वाटते, त्यामुळे तिचे सारे लक्ष चहाच्या कपांच्या चक्रीकडे, म्हणजे ‘मॅम्बो चाय चामा’कडे लागले आहे. सासूबाईंनाही नातीसोबत बसायची हौस आहे. परंतु घाटात बस वळू लागली की त्यांना मळमळते. त्यांनी बसावे का?

उत्तर : भुसावळकर
ताई, हा खेळ सौम्य असला तरी त्यातील फिरणे एकेरी नसते. खालची तबकडी फिरते, तिच्यावरचा कप स्वतःभोवतीही फिरतो, आणि अशा बहुतेक चक्र्यांमध्ये कपाच्या मधोमध असलेले चाक फिरवून बसणाऱ्यांना तो वेग वाढवता येतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १७ जुलै १९५५ पासून, म्हणजे उद्यान उघडल्यापासून, असे १८ कप फिरत आहेत. तिथेही बसणाऱ्यांची फजिती होते ती याच चाकामुळे. ते कोणी फिरवायचे, हे रांगेतच ठरवा. आजी आणि नात एकाच कपात असतील, तर नातीला चाक मिळाल्यावर आजींचे काय होईल, हे सांगायला नको.

कानाच्या आतील नलिकांमधला द्रव शरीर थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो, म्हणून उतरताना तोल जातो. आधार देऊन उतरवावे. फिरत असताना मान खाली घालणे किंवा डोके सारखे वळवणे टाळल्यास मळमळ बरीच कमी होते. मोबाईल पिशवीतच राहू द्यावा. मानेचे दुखणे किंवा चक्कर येण्याचा जुना आजार असेल, तर मात्र बसूच नये.

उत्तर : धुळ्याच्या मावशी
प्रवासाचाही विचार करा. रात्रीच्या गाडीने जागरण करून उतरायचे आणि त्याच दिवशी चक्रीत बसायचे, हे सासूबाईंना झेपणार नाही. आदल्या दिवशी पोहोचून खोपोलीस किंवा कर्जतला मुक्काम करावा. कल्याणहून कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत लोकल जाते, आणि खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे तो घाट लागतच नाही. पुण्याकडून आलात, तर तो उतरावा लागेल. सोबतची भरीत-पुरी चक्रीनंतर सोडावी. मात्र अगदी उपाशीपोटीही बसवू नये. जमल्यास सुटीच्या गर्दीनंतरचा मधला वार निवडा.

जळगावची वाचक
आभारी आहे. दोघींना वेगवेगळ्या कपांत बसवावे म्हणते. परंतु सासूबाई ऐकतील असे वाटत नाही.

भुसावळकर
मग एकाच कपात बसा, पण तुम्ही मध्ये बसा आणि चाक आपल्या हाती ठेवा.