मदत हवी आहे: सावळ्या पायावरची रक्ताची गुठळी दाखवणारे फोटो

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांसाठी आम्ही पायाच्या शिरेत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीवर पोस्टर करतोय. बाळंतपण किंवा गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशननंतर हा धोका वाढतो, आणि आपल्याकडं ही ऑपरेशनं किती झाली ते २०१९ साली सगळ्यांनी वाचलंच आहे.

अडचण अशी की मिळतात ते फोटो गोऱ्या पायांचे. सावळ्या कातडीवर गुठळीमुळं येणारी लाली नीट दिसतच नाही. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते; अमेरिकेत अशी फुफ्फुसात गुठळी अडकून दगावणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत जास्त आहे. त्याची कारणं अनेक, पण किमान आपल्या पोस्टरमुळं तरी कुणाचं दुखणं नजरेतून सुटू नये.

कॉम्प्युटरवर रंग गडद करून पाहिला, खोटा वाटतो. डॉक्टरांकडं फोटो आहेत, पण पेशंटची संमती नाही. चित्रही चालेल; बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून मजकूर मोजकाच. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, हाताला लागणारा गरमपणा एवढं घेतलंय. दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजून ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर लगेच दवाखान्यात, हेही टाकायचंय.

सावळ्या पायाचे, संमती घेतलेले, फुकट छापता येतील असे फोटो कुठं मिळतील? आणि आशाताईंनी टेपनं पोटरी मोजण्याचा प्रयोग कुणी गावात केलाय का?